प्रतिसाद: गेम बनवण्याची नोकरी

फोंड्याच्या ताईंचा मुलगा फर्मागुडीला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याला गेम कंपनीत जायचंय आणि त्यांना भीती वाटते की हे नुसतं खेळण्याचं वेड आहे. त्यांच्या प्रश्नावर इतरांनी पगाराबद्दल बरंच लिहिलंय. मी पर्वरीत राहून हेच काम करतो, म्हणून कामाबद्दल सांगतो.

गेम सेकंदाला 60 फ्रेम, म्हणजे 60 स्थिर चित्रं, दाखवत असेल, तर एका फ्रेमला जेमतेम 16.6 मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात खेळाडूची बटणं वाचायची, शत्रूची चाल ठरवायची, टकरी तपासायच्या, चित्र काढायचं. बँकेचं ॲप अर्धा सेकंद थांबलं तर कोणी फारसं मनावर घेत नाही, इथे 10 मिलिसेकंद जास्त लागले तरी झटका जाणवतो. युनिटी या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये दर फ्रेमला मेमरीत नवे ऑब्जेक्ट बनवत राहिलं की नको झालेली मेमरी साफ करणारा गार्बेज कलेक्टर मध्येच कामाला लागतो आणि खेळ अडखळतो. कोडचा कुठला भाग किती वेळ खातो हे दाखवणारा प्रोफायलर लावून अशी जागा सापडते तेव्हा होणारा आनंद मला दुसऱ्या कुठल्या नोकरीत मिळाला नाही. ताई, हे वेड नाही, कसून केलेलं इंजिनिअरिंग आहे.

त्याला व्हेक्टर आणि मॅट्रिक्स हे गणित पक्कं करू द्या, गेममधल्या हालचाली त्यावरच चालतात. युनिटीसारखंच गेम बनवायचं गोडो इंजिन फुकट आहे, त्याचा सोर्स कोडही खुला आहे. त्यात एक छोटा गेम शेवटपर्यंत पुरा करून जुन्या मोबाइलवर चालवून बघू दे.

रिलीजआधीचे महिने मात्र जड असतात, कधीकधी चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीलाही, घरी जाता येत नाही. मुलाखतीत जादा तासांबद्दल त्याने स्पष्ट विचारावं.