कांद्याच्या पट्ट्यांची सरासरी 36 रुपये येतेय, आर या आकडेवारीच्या सॉफ्टवेअरमध्ये कुठं चुकतंय?

मोहोळची विद्यार्थिनी:
नमस्कार. मी सोलापुरात एमएस्सी करते. आमच्या आप्पांनी सोलापूरच्या मार्केट यार्डात घातलेल्या कांद्याच्या 2017 पासूनच्या 84 पट्ट्या (विक्रीच्या पावत्या) मी एक्सेलमध्ये भरल्यात: तारीख, पिशव्या, क्विंटल, भाव, गाव. आप्पांचा एकच प्रश्न असतो, "एवढ्या वर्षांत क्विंटलमागं पडलं काय?" त्याची सीएसव्ही (साध्या मजकुराची फाइल) आरमध्ये घेतली, भावाच्या रकान्याला सरासरीचं 'मीन' चालेना म्हणून आकड्यात बदलणारं 'ॲज डॉट न्यूमरिक' लावलं. एरर नाही, वॉर्निंग नाही, आणि सरासरी 36! डिसेंबर 2019 ची 12,500 भावाची पट्टी 9 दिसते आणि 950 वाली सगळ्यात वर. गावांच्या नावांजागी कंसात यू, अधिकचं चिन्ह आणि आकडे येतात. आर 3.6 आहे, विंडोज 10. पट्ट्या तीनदा ताडून पाहिल्यात.

जुळे सोलापूर:
ताई, पट्ट्या बरोबरच असणार. एक्सेलमध्ये भावाला स्वल्पविराम दिलाय ना? सीएसव्हीत तो तसाच उतरतो, मग आरला तो रकाना मजकूर वाटतो. 4.0 च्या आधीचं आर मजकुराचा आपोआप फॅक्टर (वेगवेगळ्या नोंदींची क्रमवार यादी) करतं, आणि फॅक्टरला 'ॲज डॉट न्यूमरिक' लावलं की भाव मिळत नाही, अकारविल्हे लावलेल्या यादीतला त्याचा नंबर मिळतो. 9 ने सुरू होणारा 950 म्हणूनच यादीत शेवटी गेला, त्याचा नंबर सगळ्यात मोठा. आधी 'जीसब'ने स्वल्पविराम काढा, मग 'ॲज डॉट न्यूमरिक'. फाइल उघडली की पहिल्यांदा रकान्यांचे प्रकार दाखवणारं 'एसटीआर' चालवायची सवय लावा, तिथंच फॅक्टर दिसला असता.

आणि साधी सरासरी आप्पांना सांगू नका. 4 पिशव्यांची पट्टी आणि 90 पिशव्यांची पट्टी तिथं सारखीच धरली जाते. भाव गुणिले क्विंटल, त्याची बेरीज, भागिले एकूण क्विंटल.

बार्शीकर:
मराठी अक्षरांसाठी आर 4.2 किंवा पुढचं टाका. विंडोजवर तिथपासून यूटीएफ-8 (सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवायची पद्धत) सरळ चालतं, फक्त विंडोजचे अपडेट झालेले हवेत. एक्सेलमधून 'सीएसव्ही यूटीएफ-8' म्हणून सेव्ह करा. पहिल्या रकान्याच्या नावाला पुढं भलतीच अक्षरं चिकटली, तर आरमध्ये फाइल वाचताना 'फाइलएन्कोडिंग'ला 'यूटीएफ-8-बीओएम' द्या. माझे दोन दिवस यातच गेले होते, 'तारीख' रकाना सापडतच नव्हता.

मोहोळची विद्यार्थिनी:
दादा, स्वल्पविरामच होता! साधी सरासरी 1,640 आली, वजनानं काढली तर 1,310. एवढा फरक का म्हणून पट्ट्या परत लावल्या. 12,500 भाव मिळाला त्या दिवशी आमच्या फक्त 6 पिशव्या होत्या, बाकी कांदा त्या वर्षीच्या अवकाळीनं रानातच सडला होता. आप्पांना 1,310 सांगितला. ते म्हणाले, "आता यातनं हमाली, तोलाई आणि गाडीभाडं वजा कर." ते आकडे पट्ट्यांच्या खाली आहेत, मी भरलेच नव्हते. आज रात्री नवं आर टाकते आणि ते रकाने भरायला घेते.