गिऱ्हाइकाच्या मशीनची रेजिस्ट्री उघडावी की नाही?

देवगडचा दुकानदार:
रेजिस्ट्रीचं नाव काढलं की आमच्या धंद्यातले लोक सरळ फॉरमॅट मारतात. मला हे चूक वाटतं. विंडोजची सेटिंग्ज जिथे नोंदलेली असतात ती ही जागा; नुसती बघितल्याने काही बिघडत नाही. परवा एका आंबा बागायतदाराचा लॅपटॉप आला. पेनड्राइव्ह दिसेना. दोन नवे पेनड्राइव्ह घेऊन झाले होते, कुणी पोर्ट बदलायला सांगितलं होतं. मी रेजिस्ट्रीतल्या सर्व्हिसेसमध्ये ‘यूएसबीस्टोर’ ही पेनड्राइव्हच्या ड्रायव्हरची नोंद उघडली, तर ‘स्टार्ट’ची व्हॅल्यू ४. म्हणजे बंद. ती ‘की’, म्हणजे रेजिस्ट्रीतला तो कप्पा, आधी फाइलमध्ये एक्सपोर्ट करून ठेवली, ३ म्हणजे चालू केलं, मशीन रीस्टार्ट केलं, पेनड्राइव्ह दिसला. ऐन हंगामात फॉरमॅट मारला असता तर पेट्यांचा सगळा हिशोब गेला असता.

मालवणहून:
माका ह्यां पटणा नाय. तो ४ केला कुणी? तुमच्यासारख्याच कुणीतरी, आणि कुठे लिहून ठेवलं नाही. शिवाय एक्सपोर्टवर एवढे विसंबू नका. एक्सपोर्ट केलेली डॉट रेग फाइल परत चालवली की जुन्या व्हॅल्यू येतात, पण मध्ये नवीन टाकलेली व्हॅल्यू तशीच राहते. सिस्टिमच्या भागात घोळ झाला आणि विंडोज उठलंच नाही, तर ती फाइल चालवणार कुठे? रेजेडिटमध्ये, म्हणजे रेजिस्ट्री बदलायच्या प्रोग्रॅममध्ये, अनडू नाही, ‘सेव्ह करू का’ असंही ते विचारत नाही. त्यात पावसात आमच्याकडे लाइट कधी जाईल सांगता येत नाही.

देवगडचा दुकानदार:
लाइटची भीती तेवढी नाही हो. विंडोज बदल आधी लॉग फाइलमध्ये लिहितं, त्यामुळे मध्येच मशीन बंद पडलं तरी बहुतेक वेळा सावरतं. विंडोज उठलं नाही तर रिकव्हरीतून रिस्टोअर पॉइंटवर, म्हणजे आधी जपून ठेवलेल्या सेटिंग्जवर, जाता येतं. लिहून ठेवायचं मात्र खरं आहे. मीही लिहीत नव्हतो. आता जुनी व्हॅल्यू, नवी व्हॅल्यू, तारीख वहीत टाकतो आणि गिऱ्हाइकालाही सांगतो.

चिपळूणची ऑपरेटर:
माझा अनुभव सांगते. डीवर्डमध्ये, म्हणजे आकडा ठेवायच्या व्हॅल्यूत, १० टाकलं, खाली हेक्साडेसिमल (सोळावर आधारलेली मोजणी) निवडलेलं होतं, ते झालं १६. अर्धा दिवस कारण सापडेना. आणि व्हिडिओखाली मिळणारी रेग फाइल कधीच डबल-क्लिक करू नका, आधी नोटपॅडमध्ये उघडा. चौकटी कंसात कीच्या नावाआधी वजा चिन्ह असेल तर ती आख्खी की उडते, आतल्या सगळ्यासकट. स्वतःच्या मशीनवर शिका, पण दुसऱ्याच्या मशीनवर शिकू नये असं मला मनापासून वाटतं.

मालवणहून:
रिस्टोअर पॉइंट म्हणता, पण ते पॉइंट बनवणारं सिस्टिम प्रोटेक्शन कितीतरी मशीनवर बंदच असतं. आधी ते बघा. बंद असेल तर चालू करून पॉइंट बनवा, डेटाची कॉपी बाहेर काढा. तेवढा वेळ नसेल तर रेजिस्ट्री बघून बंद करा, हे माझं मत कायम आहे.