शब्दचर्चा: यांत्रिक भाषांतरात 'माहितीची देवाणघेवाण' चालेल का?

गिरगावकर: मंडळी, नियमाधारित यांत्रिक भाषांतरावरचा (म्हणजे संगणक व्याकरणाचे नियम आणि शब्दकोश वापरून करतो त्या भाषांतरावरचा) एक लेख मराठीत आणतोय. प्रणालीतल्या एका मॉड्यूलकडून (एकेक ठरावीक काम करणाऱ्या भागाकडून) दुसऱ्याकडे माहिती कशी जाते, हाच लेखाचा गाभा. मी सगळीकडे 'माहितीची देवाणघेवाण' लिहिलं. संपादकबाईंनी दर ठिकाणी लाल रेघ ओढलीय, कारण मात्र लिहिलेलं नाही. शिवाय 'मॉड्यूल'चं काय करू? 'घटक'?

दादरकर: देवाणघेवाण रुळलेला शब्द आहे, रेघ कशाला? 'आदानप्रदान' हवं असेल बाईंना.

पवईकर: आदानप्रदान केलंत तरी रेघ येणारच. अहो, यात देवाण आहे, पण घेवाण कुठाय? अपर्टियमचं उदाहरण घ्या. स्पेनमधल्या अलिकांते विद्यापीठात सुरू झालेली ही भाषांतराची मुक्त-स्रोत प्रणाली आहे. तिच्यात एका मॉड्यूलमधून निघालेला मजकूर थेट पुढच्यात जातो. पुढचा मागच्याला काही विचारू शकत नाही.

'मांडवात वर आला' हे वाक्य मराठीतून हिंदीत न्यायचंय असं धरा. रूपविश्लेषक, म्हणजे शब्दाचं मूळ रूप आणि व्याकरण ओळखणारा मॉड्यूल, 'वर' या शब्दाचे सगळे अर्थ पुढे पाठवतो. ते साधारण असे दिसतात (खऱ्या प्रणालीत खुणा रोमन आद्याक्षरांत असतात, इथे मराठीत लिहितो):

^वर/वर<नाम><पुल्लिंग><एकवचन>/वर<क्रियाविशेषण>$

नंतर येतो टॅगर. तो आजूबाजूचे शब्द बघून एकच पर्याय ठेवतो आणि बाकीचे टाकून देतो. 'वर' हा शब्द नवरदेवापेक्षा दिशेसाठी कितीतरी जास्त वापरला जातो, त्यामुळे त्याने क्रियाविशेषण निवडलं तर नवल नाही. मग हिंदीत येणार 'मंडप में ऊपर आया'. शब्दकोशात नवरदेव आहे, नियमही आहेत. पण पुढच्या टप्प्याच्या हाती तो पर्याय पडतच नाही, मग बिचारा करणार काय? अशा प्रणालीत चूक शोधायची तर टप्प्याटप्प्याचा मजकूर उघडून पाहावा लागतो. सुदैवाने तो माणसाला वाचता येतो.

दादरकर: मग 'माहितीचा प्रवाह' म्हणा, संपलं.

पवईकर: प्रवाह जवळचा आहे, पण त्यातून वाटतं की आत गेलेलंच बाहेर येतं. इथे वाटेत भर पडते, गळती होते, आणि काही माहिती मुद्दाम पुसावीही लागते. लेखात हे पुसणं येत नसेल तर घाला, खरी गंमत तिथेच आहे.

'मुलीने पुस्तक वाचले.' मराठीत पुस्तक नपुंसकलिंगी, म्हणून 'वाचले'. हिंदीतही शब्द 'पुस्तक'च, पण स्त्रीलिंगी: 'लड़की ने पुस्तक पढ़ी'. क्रियापद मराठीतून येताना नपुंसकलिंगाची खूण घेऊन येतं. हिंदीला ती नको, तिच्याकडे ते लिंगच नाही. स्त्रीलिंगाची माहिती येते द्विभाषिक कोशातून, तीही नामापाशी. ती क्रियापदापर्यंत पोचवायची कोणी?

तीन टप्प्यांच्या ट्रान्स्फरमध्ये, म्हणजे मराठीची रचना हिंदीच्या रचनेत बसवताना, पहिला टप्पा शब्दांचे गट पाडतो आणि गटाच्या माथ्यावर लिंग-वचन लिहितो. क्रियापदाच्या गटावर लिंगाच्या जागी 'अजून ठरायचंय' अशी खूण ठेवता येते. दुसरा टप्पा आतले शब्द बघत नाही. तो गटांचे माथे जुळवतो आणि 'पुस्तक'चं स्त्रीलिंग क्रियापदाच्या गटावर लिहितो. तिसरा टप्पा माथ्यावरचं आतल्या शब्दापर्यंत उतरवतो, आणि त्यानंतर रूपनिर्मिती करणारा भाग 'पढ़ी' घडवतो. मराठीची खूण पहिल्याच टप्प्यात पुसायची राहिली, तर शेवटच्या भागाला 'पढ़ना'चं नपुंसकलिंगी रूप मागितलं जातं. ते कोशात सापडत नाही, आणि छापून येतो '#' ही खूण लावलेला नुसता मूळ शब्द.

मुलुंडची: पवईकरदादा, सगळ्याच प्रणाली अशा नाहीत. भारतीय भाषांसाठीच्या 'संपर्क' प्रणालीत (हैदराबादची ट्रिपल आयटी पुढे होती, तुमची आयआयटी मुंबईही त्या गटात होती) सगळे मॉड्यूल एसएसएफ या एकाच सामायिक मांडणीवर काम करतात. प्रत्येक शब्दापुढे मूळ रूप, शब्दजात, लिंग, वचन, पुरुष, विभक्ती अशी जागा आखलेली असते. मॉड्यूल येतो, वाचतो, आपली भर घालतो. मंत्रालयातली फाइल कशी टेबलाटेबलावर फिरते आणि जुन्या शेऱ्यांखाली नवा शेरा येतो, तसं. त्या रचनेला 'फळा' म्हणतात, आणि तिथे आधीचं लिहिलेलं पुढच्यालाही दिसू शकतं.

पवईकर: हे मान्य, आणि फाइल छान. पण तिथेही मागच्या टेबलाला 'पुन्हा बघा' म्हणून फाइल सहसा परत जात नाही. म्हणून माझं मत: 'माहिती पुढे सोपवणे'. 'सुपूर्द करणे'ही चालेल, फक्त जरा पोलीस ठाण्याचा वास येतो.

गिरगावकर: 'विश्लेषक आपली माहिती टॅगरकडे सोपवतो.' वाचायला बरं वाटतंय. आणि मॉड्यूल?

मुलुंडची: मॉड्यूलच ठेवा. 'घटक' केलात तर वाक्याचे घटक आणि प्रणालीचे घटक एकाच परिच्छेदात भांडतील.

दादरकर: आणि 'ट्रान्स्फर'? हस्तांतरण?

पवईकर: हस्तांतरण म्हटलं की सातबारा आठवतो. 'संक्रमण' म्हणाल तर लोक मास्क लावतील. पहिल्यांदा येईल तिथे 'ट्रान्स्फर, म्हणजे एका भाषेची रचना दुसरीच्या रचनेत बसवण्याचा टप्पा' असं एकदा लिहा आणि पुढे नुसतं ट्रान्स्फर.