प्रसार भारती कायद्याने स्वायत्त आहे, मग गाडं अडतं कुठे?

जुन्नरकर

नमस्कार मंडळी. आमच्या घरी सकाळी ७.१० ला आकाशवाणीच्या पुणे केंद्राच्या प्रादेशिक बातम्या लागतात. वडील, म्हणजे नाना, ८२ वर्षांचे. चार रेडिओ बदलले, पण नेम मोडला नाही. २०२३ च्या जूनमध्ये पुण्याचा वृत्त विभाग बंद करून बातम्या छत्रपती संभाजीनगरहून देणार असं कळलं, तेव्हा नाना दोन दिवस धड जेवले नाहीत. निर्णय थांबला त्या दिवशी त्यांनी मला पेढे आणायला लावले.

परवा आमचा वाद झाला. मी म्हणालो, "नाना, ज्याचं सरकार त्याचा रेडिओ." नाना चिडले. म्हणाले, "संसदेने कायदा केलाय. आकाशवाणी-दूरदर्शन चालवणारी प्रसार भारती सरकारपासून वेगळी आहे. उगाच काहीतरी बोलू नकोस." कायदा आहे हे खरंच, त्यामुळे मला पुढे बोलता येईना. पण मग रोज पहिल्या चार बातम्या मंत्र्यांच्याच का असतात? अडतं नेमकं कुठे? जाणकारांनी सांगावं. एकच विनंती, पक्षांची भांडणं नकोत. उत्तरं नानांना वाचून दाखवणार आहे.

पारावरचा

नानांना आणीबाणी आठवत असेल. १९७५ च्या जूनमध्ये इंद्रकुमार गुजराल यांच्याकडून माहिती व नभोवाणी खातं काढून विद्याचरण शुक्लांकडे दिलं. १९७६ मध्ये किशोर कुमारांनी सरकारच्या प्रचाराला साथ द्यायला नकार दिला, तर त्यांची गाणी आकाशवाणीवरून गायब झाली. १९७७ च्या फेब्रुवारीत दिल्लीत रामलीला मैदानावर विरोधकांची सभा होती. लोकांनी घरातच बसावं म्हणून त्या रविवारी संध्याकाळी दूरदर्शनने 'बॉबी' लावला. तरी मैदान भरलं.

त्यातून जनता सरकारने आकाशवाणी-दूरदर्शनच्या स्वायत्ततेसाठी वर्गीस समिती नेमली. तिने स्वतंत्र न्यास सुचवला, तो झाला नाही. कायदा व्हायला १९९० उजाडलं, आणि तो अमलात यायला १९९७. मधली सात वर्षं तो नुसता पडून होता. मधल्या एकाही सरकारला घाई नव्हती, हे नानांना जरूर सांगा.

पाठकोरा_कागद

जुन्नरकर, मी अकरा वर्षं एका सरकारी माध्यमाच्या वृत्त विभागात नैमित्तिक भाषांतरकार होते. कुठलं केंद्र ते नको, माझे सहकारी अजून तिथे आहेत. कायदा मी नोकरी सुटल्यावर वाचला आणि फार वाईट वाटलं, कारण कायदा वाईट नाही.

कलम २३ बघा. देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी केंद्र सरकार 'हे प्रसारित करा' किंवा 'हे करू नका' असा निर्देश देऊ शकतं. पण तो आदेशावरून केलेला कार्यक्रम आहे, हे महामंडळ, म्हणजे प्रसार भारती, श्रोत्यांना सांगू शकतं, आणि निर्देशाची प्रत संसदेपुढे ठेवावी लागते. म्हणजे पुढच्या दाराने आलात तर नोंद राहते. म्हणून पुढच्या दाराने कुणी येत नाही.

मागचं दार कसं असतं ते सांगते. कांद्याच्या भावासाठी महामार्गावर रास्ता रोको झाला होता. वार्ताहराचा फोन आला, मी पाठकोऱ्या कागदावर सहा ओळी उतरवून घेतल्या. 'शेतकऱ्यांनी सरकारवर फसवणुकीचा आरोप केला' ही त्यातली दुसरी ओळ. साहेबांनी लाल पेनाने 'फसवणुकीचा आरोप केला' खोडून 'नाराजी व्यक्त केली' लिहिलं. मग 'सरकारवर' गेलं. बातमी तिसऱ्या नंबरावरून हवामानाच्या आधी गेली, आणि तिथे तिच्या दोनच ओळी उरल्या: वाहतूक खोळंबली, नंतर सुरळीत झाली. मी विचारलं, "सर, कुणाचा फोन आला होता का?" ते म्हणाले, "नाही गं. पण उद्या वर विचारतील." माणूस वाईट नव्हता. त्यांची बदली दोनदा झाली होती आणि मुलगी बारावीला होती. मला महिन्याला फार तर सहा ड्यूट्या मिळायच्या. पुढच्या महिन्याच्या यादीत नाव नसलं की संपलं, कारण द्यावं लागत नाही. त्यानंतर 'आरोप' हा शब्द मीच टाळायला लागले. हे लिहितानाही लाज वाटते.

आता पैसा. घरोघरचा रेडिओ-टीव्हीचा परवाना १९८५ मध्ये रद्द झाला. पगार केंद्राच्या अनुदानातून होतात. ५ ऑक्टोबर २००७ पर्यंत लागलेले कर्मचारी कायद्यातल्या दुरुस्तीनुसार सरकारी नोकरच, प्रसार भारतीकडे प्रतिनियुक्तीवर. अध्यक्ष निवडणाऱ्या समितीत राज्यसभेचे सभापती, प्रेस कौन्सिलचे अध्यक्ष आणि राष्ट्रपतींनी नेमलेली एक व्यक्ती, आणि राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात. देखरेखीसाठी २२ खासदारांची समिती कायद्यात लिहिली आहे, ती कागदावरच राहिली. ज्याच्या हातात पगार आणि बदली आहे, त्याला फोन करायची गरज पडत नाही.

मधला_बाक

ताई, तुमची ती खोडलेली ओळ वाचून घशात आवंढा आला.

पक्षांबद्दल नको म्हणालात, म्हणून सगळ्यांचं सांगतो. १९९८ मध्ये सरकार बदललं, प्रसार भारतीच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यासाठी ६२ वर्षांची वयोमर्यादा पुन्हा लागू झाली आणि त्या पदावरच्या एस. एस. गिल यांना जावं लागलं. २०१४ च्या निवडणुकीत, काँग्रेस आघाडीच्या काळात, दूरदर्शनने नरेंद्र मोदींच्या मुलाखतीतला भाग कापला आणि त्यावर गदारोळ झाला. त्याच वर्षी दसऱ्याला, सरकार बदलल्यावर, नागपूरहून सरसंघचालकांचं भाषण थेट दाखवलं. २०१७ मध्ये त्रिपुराचे मुख्यमंत्री माणिक सरकार यांचं १५ ऑगस्टचं भाषण लावलंच नाही. २०२४ च्या निवडणुकीत माकपचे सीताराम येचुरी यांच्या दूरदर्शनवरच्या भाषणातले शब्द काढायला लावले. तेव्हा निवडणूक आयोगाच्या नियमांवर बोट ठेवलं गेलं.

एक गोष्ट नानांच्या बाजूची. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या निकालात न्या. पी. बी. सावंत यांनी प्रसारणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचं स्पष्ट लिहिलं. मराठी माणसाने लिहिलेला तो निकाल आहे. लहरी नानांच्याही आहेत.

जुन्नरकर

सगळं वाचून दाखवलं. नाना बराच वेळ गप्प होते. मग ताईंची रास्ता रोकोची ओळ पुन्हा वाचायला सांगितली, दोनदा. ते स्वतः १९८० च्या कांदा आंदोलनात चाकणच्या रस्त्यावर बसले होते, हे मला काल पहिल्यांदा कळलं. विचारत होते, त्या बाईंनी लिहिलेल्या मूळ सहा ओळी कुठे ठेवलेल्या असतील का?

पाठकोरा_कागद

नाही हो. संध्याकाळी रद्दी फाडून टाकायची पद्धत होती. पण पहिल्या चार ओळी मला पाठ आहेत. नानांना चालत असेल तर फोनवर वाचून दाखवते. व्यक्तिगत निरोपात नंबर पाठवा.