मदत हवी आहे: पावसाळ्यापुरत्या निवाऱ्याला पत्रा की ताडपत्री?

पोलादपूरकडच्या आमच्या वाडीत डोंगराला भेगा पडल्यात, तळियेच्या दरडीनंतर (२०२१) कोणी रिस्क घ्यायला तयार नाही, त्यामुळे उताराखालच्या आठ घरांसाठी वरच्या सड्यावर (कातळी पठारावर) जून ते सप्टेंबर टिकेल असा निवारा करायचाय. शाळेत राहा असं सुचवू नका प्लीज, १५ जूनला शाळा सुरू होते. कंटेनर पण नको, शेवटचा टप्पा पायवाट आहे, सगळं डोक्यावरून न्यायचंय.

सांगाड्याला माणगा बांबू गावातच मिळतो, भरीव असतो, ते फायनल. भुंगा लागू नये म्हणून बोरॅक्स-बोरिक ॲसिडच्या पाण्यात भिजवतोय. एक खोली ट्रायल म्हणून उभी केली, वर २५० जीएसएमची (चौरस मीटरला २५० ग्रॅम) ताडपत्री, पण वळवाच्या पावसात मधे पाण्याचा फुगा धरला आणि बांबूच्या टोकाशी घासून फाटली. मग टोकांना सायकलची ट्यूब गुंडाळली, उतार वाढवला, आता बरंय, पण आषाढातला वारा झेपेल असं वाटत नाही. पत्रा म्हणावा तर निसर्ग वादळात (२०२०) कोकणात पत्रे कसे उडाले ते सगळ्यांनी बघितलंय, शिवाय आत माणसं झोपणार.

खरी अडचण खाली आहे. सड्यावर दीड फुटावर कातळ लागतो, खड्डा खोल जात नाही, ब्रेकर (कातळ फोडायचं मशीन) न्यायची सोय नाही. सिमेंट थोडंफार नेता येईल, जांभा दगड तिथेच भरपूर. खोली १०x१२ फुटांची.

तर कातळावर खांब धरायला जांभ्याचं वजन आणि तारेचे ताण पुरतील का, की हाताने भोक पाडून सळई ग्राउट करावीच (सिमेंट ओतून पक्की बसवावीच) लागेल? आणि तेवढ्या पकडीवर पत्रा चालेल की जाड ताडपत्रीच बरी?