मदत हवी आहे: स्वीडिश दालचिनी बनमधलं लोणी तळाशी वाहून जातंय

गव्हाची_लोंबी
४ ऑक्टोबरला स्वीडनमध्ये दालचिनी बनचा दिवस असतो. त्या दिवशी कानेलबुल्ले, म्हणजे तिथले पारंपरिक दालचिनी बन, करायचे आहेत. वर पांढऱ्या आयसिंगचा थर असलेले अमेरिकन रोल नकोत. दोन घाणे करून पाहिले, दोन्हीत दोष त्याच जागी आले.

प्रमाण: मैदा ४२० ग्रॅम, दूध २५० मिली, लोणी ७५ ग्रॅम, साखर ४५ ग्रॅम, मीठ पाव चमचा, इन्स्टंट यीस्ट ८ ग्रॅम, वेलचीपूड १ चमचा. सारणात ७५ ग्रॅम वितळलेलं लोणी, ६० ग्रॅम साखर, १ मोठा चमचा दालचिनी. दूध कोमट करून त्यातच लोणी विरघळवलं. पीठ फार चिकट झालं म्हणून ६०-७० ग्रॅम मैदा वाढवला. पहिल्यांदा ४५ मिनिटं आणि कापल्यावर पुन्हा ४५ मिनिटं फुगवलं. स्वयंपाकघर ३१ अंशांवर होतं. २८ लिटरच्या ओटीजीत (घरगुती छोट्या विजेच्या ओव्हनमध्ये) १८० अंशांवर २२ मिनिटं भाजले.

झालं असं की ट्रेमध्ये लोण्याचं तळं साचलं, बनच्या मधला भाग सुळक्यासारखा वर आला, यीस्टचा आंबूस वास राहिला आणि दुसऱ्या दिवशी बन कडक झाले. शिवाय दोन प्रश्न: अंड्याशिवाय वर चकाकी कशी आणायची? आणि वर भुरभुरवायची ती जाड पांढरी साखर इथे मिळत नाही, तिला पर्याय काय?

गोथेनबर्गकर
ताई, प्रमाण बरोबर आहे. इथल्या, म्हणजे स्वीडनमधल्या, घराघरांतल्या कृतीचं हे नेमकं निम्मं प्रमाण आहे: अर्धा लिटर दूध, दीडशे ग्रॅम लोणी, ताज्या यीस्टची ५० ग्रॅमची एक वडी (अर्ध्या वडीला तुमचं ८ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट), त्यातून चाळीसेक छोटे बन. पण ती कृती २०-२१ अंशांच्या स्वयंपाकघरासाठी आहे. तिथे दूध कोमट करावंच लागतं, नाहीतर पीठ जागं होत नाही. तुमच्याकडे ३१ अंश असताना कोमट दूध, वितळलेलं लोणी आणि पूर्ण मापाचं यीस्ट, तिन्ही एकत्र आले की पीठ धावत सुटतं. आंबूस वास त्याचाच. इन्स्टंट यीस्ट ५ ग्रॅमवर आणा आणि दूध फ्रिजमधलं गार वापरा. मळून झालेलं पीठ २४ ते २६ अंशांवर राहिलं पाहिजे. स्वयंपाकघरातला साधा थर्मामीटर पिठात खुपसून बघा. अंदाज करत बसण्यापेक्षा ते सोपं.

१८० अंशांवर २२ मिनिटं हा मोठा घोटाळा आहे. हे बन कडक आचेवर झटपट भाजतात. इथे छोटे बन २२५ ते २५० अंशांवर सहा ते दहा मिनिटांत बाहेर येतात. मंद आचेवर बन रंग धरेपर्यंत आतला ओलावा उडून जातो, आणि कवच बसायच्या आधी लोणी वितळून खाली उतरायला भरपूर वेळ मिळतो. कडकपणा आणि तळं, दोन्हीचं मूळ बऱ्याच अंशी इथेच आहे.

ओव्हनमधून काढल्यावर जाळीवर ठेवून लगेच स्वच्छ सुती कापड झाका. इथे ते सगळेच करतात. वाफ कोंडली की कवच मऊ पडतं.

तिंबणकर
पीठ चिकट होतंय याचं कारण लोण्याची वेळ. सुरुवातीलाच वितळलेलं लोणी घातलं की ते मैद्याच्या कणांवर बसतं आणि ग्लुटेनचं, म्हणजे मैद्यातल्या चिवट प्रथिनांचं, जाळं तयार व्हायला उशीर लागतो. मग पीठ हाताला चिकटत राहतं, आपण मैदा टाकत जातो, आणि तोच वरचा मैदा दुसऱ्या दिवशी बनचा दगड करतो.

असं करा. गार दूध, मैदा, साखर, यीस्ट, वेलची एकत्र करा आणि २० मिनिटं नुसतं झाकून ठेवा. दूध सगळं एकदम ओतू नका, ३० मिली हातचं राखा. मैद्याच्या प्रत्येक पाकिटाची पाणी पिण्याची ताकद निराळी असते. मग मीठ घालून ७-८ मिनिटं तिंबा आणि त्यानंतर मऊ पण गारसर लोणी तीन-चार वेळा थोडं थोडं घाला. पहिल्या दोन मिनिटांत पीठ फाटल्यासारखं, ओलंगच्च दिसेल. घाबरू नका आणि मैद्याच्या डब्याला हात लावू नका. आणखी ६-८ मिनिटांत ते गोळा होऊन परातीपासून सुटतं. लिंबाएवढा तुकडा ताणून बघा, पापुद्र्यातून उजेड दिसला आणि तो लगेच फाटला नाही की झालं. पुरणपोळीची कणीक जितकी सैल ठेवतो त्याहून किंचित घट्ट, एवढं लक्षात ठेवा.

पाकिटावर १०० ग्रॅमला १० ग्रॅमपेक्षा कमी प्रथिनं लिहिली असतील तर दोन लहान चमचे ग्लुटेन पावडर मिसळा. ११ असतील तर काही नको.

आणि लोणी खारं असेल तर वरून मीठ घालू नका. घरी काढलेल्या पांढऱ्या लोण्यात ताक राहतं, ते वापरायचं तर आधी गार पाण्यात धुऊन, दाबून पाणी काढा आणि दूध थोडं कमी करा. तूप मात्र नको. सारणात तर मुळीच नको, ते पाण्यासारखं वाहतं.

वेलदोडा
वेलचीपूड १ चमचा असं लिहिलंय, ती डब्यातली तयार पूड आहे का? ती सालासकट दळलेली असते, आणि दळून ठेवलेल्या वेलचीचा वास लवकर उडतो. स्वीडिश बनची ओळख निम्मी दालचिनी आणि निम्मी वेलची अशी आहे. वेलची नसेल तर तो नुसता दालचिनी रोल. तिथे सोललेले काळे दाणेच विकत मिळतात आणि ते जाडसर कुटतात. या बाबतीत आपलं नशीब चांगलं, हिरवी वेलची आणि खलबत्ता दोन्ही घरात असतात. ४२० ग्रॅम मैद्याला सोललेले दाणे ३ ग्रॅम घ्या, वेलदोड्याच्या आकाराप्रमाणे २० ते २५ वेलदोडे लागतील. रव्याएवढे जाड कुटा. मिक्सरमध्ये फिरवून पीठ करू नका, मध्येच दाताखाली कण आला पाहिजे. आदल्या रात्री हे दाणे गरम दुधात टाकून दूध फ्रिजमध्ये ठेवलंत तर वास पिठात खोलवर उतरतो आणि दूध गारही मिळतं.

दालचिनी सारणातच राहू दे, पिठात मिसळू नका. तिच्यातलं तेल यीस्टला दाबून टाकतं. बाजारातली जाड सालीची दालचिनी चालते, स्वीडनमध्येही सहसा त्याच जातीची वापरतात. फक्त ताजी दळा आणि बारीक चाळणीतून काढा, नाहीतर सारणात भुसा लागतो.

गोथेनबर्गकर
सारणाचं राहिलं. वितळलेलं लोणी लावायचंच नाही. मऊ लोणी, साखर आणि दालचिनी फेटून लेप करा, त्यात १ मोठा चमचा मैदा मिसळा. साखर वितळून जो पाक होतो तो हा मैदा धरून ठेवतो. लेप शेवटच्या काठापर्यंत लावा, एका लांब बाजूला फक्त एक सेंटिमीटर कोरी सोडा.

लाटताना ४० × ३० सेंटिमीटरचा आयत, जाडी अर्ध्या सेंटिमीटरहून जराशी जास्त. लाटलेली पोळी मागे आक्रसत असेल तर जोर करू नका, १० मिनिटं झाकून थांबा. तुमच्याकडच्या उष्म्यात लेप लावलेली पोळी ट्रेसकट २० मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा, मग गुंडाळा. ४० सेंटिमीटरच्या सुरळीचे अडीच सेंटिमीटरचे १६ तुकडे पडतात. सुरी दाबली की सुरळी चेपते. जाड दोरा खालून घालून वर गाठ मारल्यासारखा ओढला की काप स्वच्छ येतो.

मधला सुळका का येतो? बाकरवडीची सुरळी आपण घट्ट आवळतो, इथे तसं केलंत की फुगणाऱ्या पिठाला बाजूला जायला वाव मिळत नाही आणि ते मधून वर उसळतं. सुरळी सैलसर गुंडाळा, आणि तुकड्याचं सुटं टोक ओढून बुडाखाली दाबा.

तुकडे इथे पसरट कागदी वाट्यांत ठेवतात. गळलेलं थोडंफार लोणी त्या वाटीतच राहतं आणि बनच्या बुडाला खरपूस गोड थर येतो. थोडं लोणी गळणारच, ते शून्यावर आणायच्या मागे लागू नका. केकच्या पातळ कागदी वाट्या मोकळ्या ट्रेवर उघड्या पडतात, त्या मफिनच्या साच्यात बसवा.

दुसऱ्यांदा फुगवताना ओव्हनचा दिवा, गरम पाण्याचं भांडं वगैरे काही नको. जागा २८ अंशांच्या वर गेली की लोणी पाझरायला लागतं. ओव्हनमध्ये जाण्याआधीच ट्रे तेलकट दिसत असेल तर चूक इथेच झाली असं समजा. तुमच्याकडे २५-३० मिनिटं पुरतील. बोटाने हलकं दाबल्यावर खळगा हळूहळू अर्धा भरला की भाजायला टाका.

तिंबणकर
पुढे एक अडचण येणार, ती आधीच सांगून ठेवतो. २८ लिटरच्या ओटीजीत एका वेळी आठच बन नीट मावतील. दुसरे आठ कापल्या कापल्या फ्रिजमध्ये ठेवा आणि पहिले ओव्हनमध्ये जाताना बाहेर काढा. बाहेर ठेवलेत तर ते जास्त फुगून बसतील. मात्र सारण भरलेले तुकडे रात्रभर फ्रिजमध्ये ठेवू नका. साखर पिठातलं पाणी ओढून घेते आणि सकाळी तळाशी पाक दिसतो. रात्रभर ठेवायचंच असेल तर नुसता गोळा ठेवा. गार पीठ लाटायलाही सोपं जातं.

पीठाक्षरे
कडकपणासाठी आणखी एक उपाय. २५ ग्रॅम मैदा आणि १२५ मिली दूध मंद आचेवर ढवळत खळ करा, ६५ अंशांच्या आसपास चमच्याचा माग उमटतो. खळ पूर्ण गार करून उरलेल्या मैद्या-दुधात मिसळा. शिजलेला स्टार्च पाणी धरून ठेवतो, बन तीन दिवस मऊ राहतात.

गोथेनबर्गकर
@पीठाक्षरे, खळीने मऊपणा टिकतो हे खरं, पण पोत जपानी पावासारखा रेशमी होतो. स्वीडिश बन हलका आणि किंचित भुसभुशीत हवा, कॉफीबरोबर तोडताना ते जाणवतं. पारंपरिक करायचे म्हणताहेत, तर मी खळ घालणार नाही. जुना उपाय साधा आहे: गार झाले की त्याच दिवशी फ्रीझरमध्ये टाकायचे. इथे चाळीसचा घाणा त्यासाठीच घालतात. कोणी कॉफीला आलं की लागतील तेवढे काढून १५० अंशांवर ६-८ मिनिटं गरम करायचे. साध्या फ्रिजमध्ये मात्र ठेवू नका, त्या तापमानाला पाव सगळ्यात लवकर शिळा होतो.

अंड्याचं: या पिठात मुळात अंडं नसतंच, फक्त वरून पुसायला लागतं. ते टाळायचं तर भाजण्याआधी दूध आणि साय फेटून लावा. रंग येईल, चकाकी येणार नाही. चकाकीसाठी ५० ग्रॅम साखर ५० मिली पाण्यात एक उकळी काढून ठेवा आणि बन ओव्हनमधून आले की तापलेले असतानाच ब्रशने लावा. इथल्या बेकऱ्यांतही पाक लावतात, त्यामुळे ही तडजोड समजू नका. जाड साखर मग त्या ओल्या पाकावर भुरभुरवा, चांगली चिकटते.

वेलदोडा
जाड साखरेसाठी चहाच्या साखरेच्या वड्या कापडात गुंडाळून लाटण्याने फोडा आणि चाळणीतून भुगा काढून टाका. ज्वारीच्या दाण्याएवढे तुकडे राहिले पाहिजेत. खडीसाखर वापरू नका, ती दाताला फार कठीण लागते.

गव्हाची_लोंबी
सगळ्यांचे आभार. तुम्ही सांगितलंत तसं काल केलं. गार दूध, ५ ग्रॅम यीस्ट, लोणी शेवटी, फेटलेला लेप. पिठाला वरचा मैदा अजिबात लागला नाही. सुळका गेला, तळं गेलं, नुसता चमचाभर लोण्याचा डाग होता. आंबूस वासही नाही. आता एकच दोष उरलाय: २२५ अंशांवर मधल्या खणात ९ मिनिटांत वरून गडद तपकिरी झाले, पण बूड पांढरट आणि मधलं वेटोळं जरा कच्चट. तापमान कमी करू का?

तिंबणकर
थोडं कमी करा, पण पुन्हा १८० वर जाऊ नका. छोट्या ओटीजीत वरची सळई बनपासून चार बोटांवर असते आणि आकड्यापेक्षा जास्त तापते. खण एकाने खाली घ्या, २१० ठेवा, पंखा असेल तर २००, आणि ११ ते १३ मिनिटं द्या. खालच्या-वरच्या दोन्ही सळया चालू ठेवून २० मिनिटं आधी तापवा. दिवा विझला म्हणजे आतली हवा तापली, ट्रे आणि भिंती अजून तापायच्या असतात. रिकामा ट्रे आतच तापू द्या आणि बटर पेपरवर फुगवलेले बन कागदासकट त्यावर सरकवा, बुडाला रंग येईल. सातव्या मिनिटाला वरचा रंग पुरेसा वाटला तर फक्त वरची सळई बंद करा. मधल्या वेटोळ्यात थर्मामीटर ९२ ते ९४ अंश दाखवेल तेव्हा काढा.

गोथेनबर्गकर
आणि मफिनच्या साच्यात ठेवले असतील तर बूड पांढरं राहायचं ते एक कारण आहे, जाड साचा तापायला वेळ घेतो. पुढच्या वेळी बटर पेपरचे चौकोन कापून प्रत्येक तुकडा त्यावर सुटा ठेवा, दोन बनमध्ये तीन बोटं अंतर ठेवून.