जुना कबूस विकत घेऊन परसात बसवायचा आहे. आधी काय तपासावे?

लँकेस्टरकर

आम्ही पेनसिल्व्हेनियात राहतो आणि घरामागे बरीच मोकळी जागा आहे. जवळच्या एका छोट्या रेल्वेकडे कबूस, म्हणजे आपल्याकडच्या मालगाडीच्या शेवटी असतो तसा गार्डाचा डबा, विक्रीस आहे. तो पेनसिल्व्हेनिया रेलरोडच्या एन५सी जातीचा, १९४२ सालचा, गोल खिडक्यांचा आहे. माझे वडील भुसावळला गार्ड होते, त्यामुळे ही हौस जुनीच आहे. पत्र्याला खिडक्यांखाली गंज चढला आहे, पण किंमत आवाक्यातली वाटते. पाहुण्यांची खोली करण्याचा विचार आहे. होकार देण्यापूर्वी काय पाहावे?

सांधेवाला

किंमत सर्वांत शेवटी पाहा, कारण डब्यापेक्षा तो हलवण्याचा खर्च सहज जास्त होऊ शकतो. पोलादी कबूस साधारण २० ते २५ टनांचा असतो. तुमच्या राज्यात रस्त्यावरील वाहनाची उंची परवान्याशिवाय १३ फूट ६ इंचांपुढे चालत नाही, आणि छतावरच्या टेहळणीच्या टोपीसह चाकांवर उभा असलेला डबा ट्रेलरवर चढवला की ही मर्यादा ओलांडतोच. म्हणून क्रेनने डबा उचलून तो एका ट्रेलरवर आणि चाकांचे दोन्ही सांगाडे दुसऱ्या ट्रेलरवर न्यावे लागतात. डबा सांगाड्यांवर मुख्यतः स्वतःच्या वजनानेच बसलेला असल्याने तो वेगळा करणे फारसे अवघड नाही. अवघड आहे ते क्रेनला तुमच्या परसात उभे राहण्याइतकी घट्ट जमीन आणि वर विजेच्या तारा नसलेली जागा मिळणे.

डबा येण्यापूर्वीच रूळ तयार हवेत. माती काढून खडीचा जाड थर दाबून घ्या, पाणी वाहून जाण्याची वाट ठेवा आणि मग १४३५ मिलिमीटर अंतराने रूळ बसवा. त्याहीआधी टाऊनशिपच्या, म्हणजे तुमच्या स्थानिक प्रशासनाच्या, कार्यालयात विचारा की त्यांच्या लेखी हा डबा म्हणजे बांधकाम आहे की शोभेची वस्तू. निजण्याची खोली म्हटले की वीज, सांडपाणी आणि आपत्कालीन दारांचे नियम लागू होण्याची शक्यता मोठी असते.

जुना_रंगारी

गंजाबाबत एक सांगतो, कारण माझी चूक तिथेच झाली. मी बाहेरून पत्रा घासत बसलो, आणि खरे कुजणे आत, लाकडी अस्तराच्या मागे होते. पोलादाला हिवाळ्यात आतून घाम सुटतो आणि ते पाणी खिडक्यांच्या खालच्या कडांशी साचते. शक्य असल्यास एक फळी काढून पाहिल्याशिवाय सौदा करू नका.

रंग मात्र कोरडा घासू नका. त्या काळच्या रंगात शिसे असते, आणि चुलीभोवती व नळांवर ॲस्बेस्टॉस असू शकते. दोन्हींची चाचणी आधी करून घ्या. तुमचा डबा १९६८मध्ये पेन सेंट्रल आणि १९७६मध्ये कॉनरेल या नंतरच्या रेल्वे कंपन्यांकडे गेला असेल, तर निळ्याखाली हिरवा आणि त्याखाली मूळचा तांबडा रंग सापडू शकतो. एका कोपऱ्यात हे थर तसेच ठेवा, असे मी म्हणेन, पण हा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न आहे.

लँकेस्टरकर

दोघांचेही आभार. काल एक फळी काढून पाहिली. दोन खिडक्यांखाली पत्रा बोटाने दबतो, म्हणून नव्या पत्र्याचा जोड धरून किंमत कमी करण्यास सांगितले आहे. क्रेनवालाही येऊन जागा पाहून गेला.

वडिलांना फोटो पाठवले, तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो व्हॅक्यूम ब्रेकचा काटा कुठे आहे हा. इकडचे ब्रेक हवेच्या दाबाचे असल्यामुळे इथे प्रेशरचा काटा आहे, असे त्यांना समजावले. तो अजून जागेवर आहे, फक्त त्याची काच फुटली आहे.